ऑलिव्हवरची फळमाशी मूळची कुठली, आणि ती पसरली कशी?

प्रश्न असा होता: ऑलिव्हच्या फळात अळी पाडणारी माशी आफ्रिकेतली म्हणायची की पश्चिम आशियातली? माणसाने ऑलिव्ह लावायला सुरुवात केल्यावर ती झाडाच्या मागोमाग भूमध्य समुद्राकाठी पोचली का? आणि आपल्याकडे राजस्थानात वगैरे ऑलिव्ह लावतात, तिथे ती येईल का?

आधी थोडक्यात उत्तर. माशी झाडामागोमागच आली, पण ते झाड जंगली होतं. माणसाने पहिलं ऑलिव्ह लावलं तेव्हा ती भूमध्य समुद्राकाठच्या रानऑलिव्हवर आधीपासून बसलेली होती. त्याच्याही मागे गेलं तर आफ्रिकेकडे बोट दाखवणारा पुरावा जास्त आहे. माणसाने तिला समुद्र ओलांडून नेलं ते फार अलीकडे, आपल्या डोळ्यांदेखत. हे तीन टप्पे एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो, आणि बहुतेक लेखांत तो झालेला दिसतो.

माशीचं नाव बॅक्ट्रोसेरा ओलीए. जुन्या पुस्तकांत डॅकस ओलीए सापडेल, ती हीच. लांबी चार-पाच मिलिमीटर, म्हणजे आपल्या आंब्यावरच्या फळमाशीपेक्षा लहान. पंख जवळजवळ पारदर्शक आणि टोकाला एकच काळपट ठिपका. आंब्यावरच्या माशीच्या पंखाची पुढची कड लांबपर्यंत काळी असते, तशी हिची नसते. ओळखायला एवढी खूण पुरते. मादी हिरव्या फळाच्या सालीखाली सहसा एकच अंडं घालते. मग डंखातून आलेला रस तोंडाने आजूबाजूला पसरवते. त्या रसाच्या वासाने दुसरी मादी ते फळ टाळते. अळी गरात बोगदा करत वाढते आणि कोषात जाण्याआधी सालीपर्यंत येऊन पातळ पापुद्र्याची खिडकी ठेवते. उन्हाळ्यात कोष फळातच होतो. शरद ऋतूत फळं पिकू लागली की अळी खाली पडून जमिनीच्या वरच्या काही सेंटिमीटरात कोष करते. शेवटची ही सवय लक्षात ठेवा, पुढे मातीचा विषय येणार आहे.

मूळ शोधायचं तर पहिला धागा यजमान झाडाचा. या कुळातल्या पुष्कळ माशा दहा-वीस झाडांवर जगतात. ही एकाच जातीवर जगते, ओलिया युरोपिया. जुन्या याद्यांत तिच्या नावावर ओलिया व्हेरुकोसा, ओलिया क्रायसोफिला अशी तीन-चार झाडं दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, ही बरीच झाडं खाते. ती सगळी नावं आज कस्पिडाटा या एकाच उपजातीत जमा झाली आहेत. ही उपजात दक्षिण आफ्रिकेपासून केनिया, इथिओपिया, अरबस्तानातून पाकिस्तान आणि हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पसरली आहे. पाकिस्तान-हिमालयाकडे तिला काहू म्हणतात. भूमध्य समुद्राकाठची उपजात वेगळी, आणि लागवडीचं ऑलिव्ह तिच्यातूनच सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी, सीरिया-लेबनॉनच्या बाजूला निवडलं गेलं. म्हणजे लागवडीआधी माशीला राहायला तीन मोठी घरं होती: आफ्रिकेतलं कस्पिडाटा, आशियातलं कस्पिडाटा आणि भूमध्य समुद्राकाठचं रानऑलिव्ह.

दुसरा धागा नातेवाइकांचा. बॅक्ट्रोसेरा या वंशाचा गोतावळा मुख्यतः आशिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर आहे. पण ऑलिव्हच्या माशीची जवळची बहीण बॅक्ट्रोसेरा बिगुट्टुला आफ्रिकेतली आहे आणि ती तिथल्या रानऑलिव्हच्या फळांतही निघते. यातून लगेच ‘मूळ आफ्रिका’ असं सिद्ध होत नाही. आजचे नातेवाईक जिथे राहतात तिथेच पूर्वजही राहत होते, हे गृहीतच आहे. पण कौल त्या बाजूला झुकतो.

तिसरा धागा तिच्या शत्रूंचा. एखाद्या किडीवर जगणारे परोपजीवी जिथे सर्वांत जास्त आणि सर्वांत पक्के, तिथे त्या किडीचा मुक्काम जुना, हा जैविक नियंत्रणातला जुना आडाखा आहे. आफ्रिकेत या माशीवर सिट्टालिया लाउन्सबरी, सिट्टालिया ह्युमिलिस, युटेटस आफ्रिकानस, ब्रेकॉन सेलर असे परोपजीवी आहेत. युरोपात मात्र तिला मुख्यतः उसने शत्रू मिळतात. युपेल्मस युरोझोनस हा इतर किडींवरही जगणारा. तो दुसऱ्या झुडपांवरच्या गाठमाशीवर हिवाळा काढतो आणि जमलं तर ऑलिव्हकडे वळतो. फिलिप्पो सिल्वेस्त्री या इटालियन कीटकशास्त्रज्ञाने हे फार लवकर ओळखलं. १९१४ च्या सुमारास तो या माशीचे परोपजीवी शोधायला एरिट्रियात गेला, तेव्हा जनुकांचं वाचन कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता जनुकांकडे. इथे दोन अभ्यास समोरासमोर ठेवल्याशिवाय चित्र कळत नाही, आणि गंमत म्हणजे दोन्हींत पहिलं नाव एकाच शास्त्रज्ञाचं आहे, नार्दी. २००५ च्या अभ्यासात आफ्रिका, पाकिस्तान, भूमध्य प्रदेश, कॅलिफोर्निया आणि मेक्सिको इथल्या माशा घेतल्या. पाकिस्तानातल्या माशा स्पष्ट वेगळ्या निघाल्या. उरलेल्यांचे दोन गट पडले: एक आफ्रिकेचा, दुसरा भूमध्य प्रदेश आणि अमेरिका यांचा मिळून. आफ्रिकेतल्या माशांत मायक्रोसॅटेलाइटची (डीएनएत पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांची) विविधता भूमध्य प्रदेशापेक्षा लक्षणीय जास्त होती, म्हणून लागवडीच्या ऑलिव्हवरच्या माशीचं मूळ आफ्रिकेत, असा निष्कर्ष काढला गेला. २०१० मध्ये त्याच गटाने २१ माशांचे संपूर्ण मायटोकाँड्रिया (म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागातलं छोटं, वेगळं डीएनए) वाचले. तेव्हा दिसलं की माशीच्या मोठ्या फांद्या झाडाच्या फांद्यांशी जुळतात. आफ्रिकेतलं कस्पिडाटा, आशियातलं कस्पिडाटा आणि भूमध्य ऑलिव्ह जसे हिमयुगांच्या काळात वेगळे झाले, तशाच त्यांच्यावरच्या माशाही झाल्या. भूमध्य प्रदेशातल्या उपशाखा शेवटचं हिमयुग ओसरल्यावर रानऑलिव्ह जसं पुन्हा पसरलं त्याच्याशी जुळतात. लेव्हांटमधून, म्हणजे सीरिया-लेबनॉनच्या बाजूने, निघालेल्या लागवडीशी त्या जुळत नाहीत. म्हणजे ठिकठिकाणची स्थानिक माशी ठिकठिकाणी रानझाडावरून बागेत शिरली.

या निष्कर्षाला आकड्यांचा आधार कसा मिळतो ते पाहा. किडींच्या मायटोकाँड्रियासाठी वर्षानुवर्षं वापरला जाणारा दर म्हणजे दोन शाखांमध्ये दहा लाख वर्षांत सुमारे २.३ टक्के फरक. या माशीचा मायटोकाँड्रिया डीएनएच्या सुमारे १५,८०० अक्षरांचा. सहा हजार वर्षांचा हिशेब केला तर अख्ख्या लांबीत जेमतेम दोन अक्षरांचा फरक पडायला हवा. दोन प्रदेशांतल्या माशांत याच्या अनेक पट फरक दिसला, तर त्यांची फारकत सहा हजार वर्षांत झाली असं म्हणणं अवघड होतं. हाच हिशेब नेहमीच्या ६५८ अक्षरांच्या बारकोडवर (जात ओळखायला वाचतात त्या मायटोकाँड्रियाच्या तुकड्यावर) केला तर उत्तर ०.०९ येतं, म्हणजे शून्यच. म्हणून फक्त बारकोड वाचून ‘आमच्या सगळ्या माशा एकसारख्या, त्यामुळे अलीकडे आलेल्या’ असं लिहिलेलं दिसलं की ते बाजूला ठेवावं. बारकोडचा उपयोग जात ओळखायला. सहा हजार वर्षांचं अंतर मोजायला तो फार आखूड आहे.

यातही एक खाच आहे. २.३ टक्के हा दर जुन्या, लाखो वर्षांच्या फारकतींवरून काढलेला. थोड्या काळात मोजलं तर दर जास्त दिसतो, कारण किंचित घातक बदल निवडीने अजून गाळलेले नसतात. जुना संथ दर ताज्या फारकतीला लावला की वय फुगतं. आणि आपला निष्कर्ष ‘लागवडीपेक्षा जुनं’ असाच असल्यामुळे ही चूक नेमकी आपल्याच बाजूने झुकते. त्यामुळे एकट्या वयावर विसंबू नये, शाखांचा भूगोल पाहावा. माशी लेव्हांटहून कलमांबरोबर निघाली असती, तर पश्चिमेकडच्या शाखा पूर्वेकडच्या शाखांच्या पोटात बसायला हव्या होत्या. तशा त्या बसत नाहीत. घड्याळ चुकलं तरी हा पुरावा टिकतो.

मग ग्रीक संशोधकांनी २००५ मध्येच मायक्रोसॅटेलाइटवरून दाखवलेलं ‘पूर्वेकडून पश्चिमेकडे पसरणं’ खोटं का? माझ्या मते नाही. मायक्रोसॅटेलाइट झपाट्याने बदलतात, आणि आई-बाप दोघांकडून येतात. अलीकडच्या काही शतकांत फळांच्या ने-आणीतून, जहाजांतून, एकमेकींना लागून वाढलेल्या बागांतून झालेली सरमिसळ त्यांत उमटते. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो आणि जुनी फारकत जास्त दिवस धरून ठेवतो. दोन वेगळ्या खोलीवरचे हे दोन थर आहेत. वरचा थर बघून खालच्याबद्दल बोलायचं नाही, एवढंच पथ्य.

आणखी एक साक्षीदार आहे, आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत बोलका. या माशीच्या घशाजवळ अन्ननलिकेला फुटलेली एक छोटी पिशवी असते, आणि ती जिवाणूंनी भरलेली असते. लिओनेल्लो पेत्री या इटालियन शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ते जिवाणू पाहिले. नाव मात्र २००५ मध्ये मिळालं, एर्विनिया डॅसिकोला. मादी अंडं घालताना त्यावर हे जिवाणू लावते, म्हणजे वारसा आईकडून मुलांकडे. हिरव्या ऑलिव्हमध्ये ओल्युरोपीन नावाचं कडू द्रव्य भरपूर असतं. फळ चावलं की जीभ आखडते ती त्यामुळे. २०१५ मध्ये इस्रायली संशोधकांनी प्रतिजैविक देऊन जिवाणूमुक्त केलेल्या माशांच्या अळ्या वाढवून पाहिल्या. पिकून काळ्या झालेल्या फळात त्या वाढल्या, हिरव्या फळात तगल्या नाहीत. इतर फळमाशा फळ मऊ व्हायची वाट बघतात. हिने जिवाणूला सोबतीला घेऊन कडू हिरवं फळ आपलंसं केलं आणि बदल्यात बाकीची सगळी झाडं सोडली. अशी पक्की भागीदारी सहा हजार वर्षांत जुळून येते असं मला वाटत नाही.

याच भागीदारीमुळे प्रयोगशाळेत एक अडचण उभी राहते. कृत्रिम खाद्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या माशीतून हा जिवाणू निघून जातो. अशा वसाहतीतल्या माश्या रानातल्या माशांपेक्षा वेगळ्या वागतात, आणि वांझ नर सोडून पैदास रोखण्याची पद्धत या माशीवर अडखळली त्याच्या कारणांत हेही एक आहे. रानातल्या माशीबद्दल काही सांगायचं असेल तर नमुना रानातल्या फळातूनच घ्यावा.

लागवडीने माशीला आणलं नसलं तरी तिचं नशीब पालटलं. रानऑलिव्हचं फळ वाटाण्याएवढं, त्यात बीच मोठं आणि गर म्हणजे पातळ लेप. अळी कुठेही गेली तरी सालीपासून एक-दोन मिलिमीटरवर. परोपजीवी मादी बाहेरून अंडनलिका टोचते आणि अळीला गाठते. माणसाने गर वाढवत नेला तशी अळीला लपायला जागा झाली. आखूड अंडनलिकेच्या सिट्टालिया लाउन्सबरीला मोठ्या फळातली खोल गेलेली अळी लागतच नाही. शिवाय जास्त गर म्हणजे अळीला जास्त खायला. वरून शत्रू कमी, खालून अन्न जास्त, असा दुहेरी फायदा. दक्षिण आफ्रिकेत रानऑलिव्हच्या शेजारीच लागवडीच्या बागा आहेत, तिथे माशीचा त्रास सहसा कमी असतो. भूमध्य प्रदेशात मात्र फवारणी नाही केली तर पीक जातं. यजमान जुना, माशी जुनी, पण भूमध्य प्रदेशात शत्रूंची फौज नाही आणि फळही मोठं.

आता समुद्रापलीकडचा प्रवास. ऑक्टोबर १९९८ मध्ये ती लॉस एंजेलिसमध्ये सापडली, आणि तीही बागेत नव्हे. शोभेसाठी रस्त्याकडेला लावलेल्या ऑलिव्हवर. अशा झाडांची फळं कुणी काढत नाही, ती हिवाळाभर लटकतात, आणि माशीला वर्षभर घर मिळतं. चार-पाच वर्षांत ती कॅलिफोर्नियाभर झाली आणि मेक्सिकोतही शिरली. जनुकं भूमध्य समुद्राच्या पूर्व भागाकडे बोट दाखवतात. इराणमध्ये ती २००४ च्या सुमारास नोंदली गेली, हवाईत २०१९ मध्ये. इराणचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं: एका बाजूला भूमध्य, दुसऱ्या बाजूला पाकिस्तान, दोन्हीकडे माशी, तरी मधल्या बागा इतके दिवस मोकळ्या. ही माशी स्वतःच्या पंखांवर काही किलोमीटर जाते. वाळवंट ती फळांच्या पेटीत बसूनच ओलांडते.

तिच्याबरोबर आणखी एक सामान प्रवास करतं, ते म्हणजे औषधाला दाद न देणं. भूमध्य प्रदेशात डायमेथोएट या कीटकनाशकाची फवारणी कित्येक दशकं चालली. त्यातून माशीच्या अॅसिटिलकोलिनेस्टरेज या एन्झाइममध्ये २१४ आणि ४८८ या जागांवर बदल झालेल्या माशा निवडल्या गेल्या. युरोपीय संघाने २०१९ मध्ये डायमेथोएटची मान्यता पुढे वाढवली नाही, त्यामुळे तिथला हा निवडीचा दाब उतरायला लागला. कॅलिफोर्नियात स्पिनोसॅड या कीटकनाशकाच्या आमिषावर भर होता, तर तिथे स्पिनोसॅडला कमी दाद देणाऱ्या माशा दिसू लागल्या. नव्या देशात माशी आली की तिचं गाव शोधायचं ते एवढ्यासाठीही. कोणती औषधं तिच्यावर आधीच बोथट झाली आहेत याचा अंदाज तिच्या गावावरून येतो. आणि परोपजीवी कुठून आणायचा तेही मूळ कळल्यावरच ठरतं: केनियातून नेलेली सिट्टालिया लाउन्सबरी कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर टिकली. ट्युनिशियातली सिट्टालिया कॉन्कलर युरोपात कित्येकदा मोठ्या संख्येने सोडली, थंड भागात ती दरवेळी नव्याने सोडावी लागते.

भारताबद्दल. माशी हिमालयाच्या पायथ्याला काहूवर आहेच, म्हणजे ‘येईल का’ हा प्रश्न अर्धा सुटलेला आहे. पण ती आशियाई शाखा, तिकडच्या रानझाडाबरोबरची. राजस्थानात २००८ च्या आसपास इस्रायलच्या मदतीने लागवड सुरू झाली, तिथला खरा धोका भूमध्य शाखेचा, आणि तो मातीसकट आलेल्या रोपांतून आणि ताज्या फळांतून. मातीतला कोष आधी सांगितला तो याचसाठी. उन्हाळा मात्र तिच्या विरोधात आहे: तापमान पस्तिशीच्या वर गेलं की अंडी घालणं थंडावतं आणि फळातल्या अळ्या मरू लागतात. मॉलमधून आणलेल्या बरणीतल्या ऑलिव्हची भीती बाळगू नका, मिठाच्या पाण्यात काही जगत नाही. सह्याद्रीतल्या पारजांभळाला शास्त्रीय पुस्तकांत ओलिया डायोइका म्हणत, म्हणून काही जण तिथे शोधतात. पण ही माशी त्या झाडाची नव्हे.

एक चूक आपल्याकडे हमखास होईल, म्हणून आधीच सांगतो. आंब्याच्या बागेत दापोलीच्या विद्यापीठाचा रक्षक सापळा लागतो, त्यात नर माशांना ओढणारं मिथिल युजेनॉल असतं. ऑलिव्हची माशी मिथिल युजेनॉलकडे येत नाही आणि वेलवर्गीय भाज्यांसाठीच्या क्यू-ल्यूरकडेही येत नाही. तो सापळा महिनाभर रिकामा राहिला म्हणजे माशी नाही, असं समजू नये. हिच्या बाबतीत कामगंधही, म्हणजे जोडीदाराला बोलावणारा वासही, उलटा चालतो. बहुतेक फळमाशांत नर गंध सोडतो, इथे मुख्यतः मादी सोडते, आणि त्या द्रव्याची ओळख १९८० मध्ये पटली. सापळ्यासाठी पिवळा चिकट पत्रा आणि त्यावर अमोनियम बायकार्बोनेटची पुडी नि हा कामगंध लावावा. नाहीतर मॅकफेल बाटलीत (माशा आत शिरून बुडतात अशा सापळ्यात) पाण्यात टोरुला यीस्टच्या तीन-चार गोळ्या टाकाव्यात. बाटली झाडाच्या आत सावलीच्या बाजूला टांगा; उन्हात पाणी आटतं आणि वास संपतो.

मूळ शोधण्यासाठी नमुने गोळा करायचे असतील तर सापळ्यातल्या माशीपेक्षा फळातून निघालेली माशी घ्या. यीस्टच्या पाण्यात दोन दिवस भिजलेल्या माशीचं डीएनए तुटतं. एका ठिकाणच्या २० ते ३० माशा पुरतात, पण त्या वेगवेगळ्या झाडांवरच्या हव्यात. एकाच फांदीवरच्या सगळ्या फळांत एकाच आईची मुलं निघाली तर विविधता खोटी कमी दिसते. फळं एकाच थरात पसरा, खाली सेंटिमीटरभर जरा ओलसर वाळू, वर जाळी. झाकण घट्ट लावलं तर पाणी सुटून बुरशी येते, उघडं ठेवलं तर रानऑलिव्हची बारीक फळं दोन दिवसांत सुकतात आणि अळी आतच मरते. तापमान २२ ते २५ अंश. माशा निघाल्यावर त्यांना तीन-चार दिवस साखरपाण्यावर ठेवा म्हणजे पंखावरचा ठिपका आणि अंगाचा रंग पक्का होतो. लगेच मारली तर बिगुट्टुलाशी गल्लत होते. मग ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये, माशीच्या दहापट अल्कोहोल, दुसऱ्या दिवशी ते बदलायचं, आणि कुपी उणे २० अंशांवर. डीएनएसाठी एक पाय पुरतो, बाकी माशी ओळख पटवण्यासाठी जपून ठेवा. आणि माशा निघाल्या म्हणून डबा फेकू नका. परोपजीवी त्यांच्यानंतर निघतात, निदान सहा आठवडे डबा तसाच राहू द्या.